पॅरिसचा आषाढ सेल

लग्नसराई आटोपलेली असते, गणपतीला अवकाश असतो, रस्त्यावर चिखल असतो आणि गिऱ्हाईक घरात बसून भजी खात असतं. अशा वेळी पुण्याच्या लक्ष्मी रोडपासून दादरच्या रानडे रोडपर्यंत दुकानांवर कापडी फलक चढतात : 'भव्य आषाढ सेल'. चातुर्मास लागला की मुहूर्त संपतात, मुहूर्त संपले की शालू आणि शेरवान्या कपाटात अडकून पडतात, आणि अडकलेला माल मोकळा करायला दुकानदाराला आषाढासारखा महिना नाही. यात कुणाला नवल वाटत नाही. नवल पुढेच आहे. २०२५ साली आषाढ लागला २६ जूनला आणि संपला २४ जुलैला. पॅरिसचा सरकारमान्य उन्हाळी सेल त्या वर्षी लागला २५ जूनला आणि संपला २२ जुलैला. दिव्याच्या अवसेच्या दोन दिवस आधी फ्रान्सनं गाशा गुंडाळला, एवढाच काय तो मतभेद.

कारणही फारसं वेगळं नाही. ऑगस्टमध्ये अर्धं पॅरिस सुट्टीवर निघून जातं, सप्टेंबरात शरद ऋतूचा माल दुकानांत झळकायला हवा असतो. उन्हाळी झगे जुलैत गेले तर गेले, नाहीतर गोदामात. फक्त आपला मेळ दर वर्षी जमत नाही. २०२६ साली मध्येच अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढ थेट १५ जुलैवर ढकलला गेला आणि पॅरिसचा सेल २४ जूनचाच राहिला. अधिक मासाची तजवीज फ्रेंचांनी केलेली नाही.

बाकी तजवीज मात्र त्यांनी इतकी केली आहे, की आपल्या दुकानदारानं ती वाचली तर तो शटर ओढून गावी जाईल. फ्रान्समध्ये सेल मालकाच्या लहरीवर लागत नाही, सरकारी नियमानं लागतो. हिवाळी सेल जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सकाळी आठ वाजता सुरू होतो. दुसरा बुधवार १२ तारखेनंतर येत असेल, तर पहिला बुधवार धरावा. उन्हाळी सेल जूनच्या शेवटच्या बुधवारी. शेवटचा बुधवार २८ तारखेनंतर पडत असेल, तर त्याच्या आधीचा घ्यावा. हे नियम वाचताना दाते पंचांगाच्या मागच्या पानावरचे क्षयतिथीचे खुलासे वाचल्यासारखं वाटतं. प्रांतभेदही आहेतच. कॉर्सिका बेटावर उन्हाळी सेल जुलैत लागतो. लक्झेंबर्गच्या बाजूचे काही जिल्हे हिवाळी सेल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच उरकायला घेतात, कारण तिथलं गिऱ्हाईक सीमा ओलांडून शेजारच्या दुकानात जायला एका पायावर तयार असतं. टिळक पंचांगवाल्यांची दिवाळी वेगळी, तसं हे.

फ्रेंच भाषेत या सेलला 'सोल्द' म्हणतात आणि ही अक्षरं ठरलेल्या मुदतीबाहेर दुकानावर रंगवणं हा गुन्हा आहे. दंड १५,००० युरोंपर्यंत. एरवी खरेदीच्या किमतीपेक्षा खाली विकायला दुकानदाराला सहसा मनाई असते, ती मोकळीक फक्त या चार आठवड्यांत मिळते. मालसुद्धा सेलसाठी म्हणून नवा आणून भरता येत नाही. तो किमान एक महिना आधी दुकानात विक्रीला मांडलेला हवा आणि त्याचे पैसे घाऊक व्यापाऱ्याला चुकते केलेले हवेत. चिठ्ठीवर जुनी किंमत खोडून नवी लिहिलेली दिसली पाहिजे. पूर्वी हा सोहळा सहा आठवडे चाले. २०२० पासून तो चारांवर आणला. 'दुकान खाली करणे आहे, फक्त तीन दिवस' असा फलक वर्षानुवर्षं लावून त्याच दुकानात दोन पोरांची लग्नं उरकणाऱ्या व्यापाऱ्याला पॅरिसमध्ये पहिल्याच आठवड्यात वकील गाठावा लागेल.

आता एवढ्या काटेकोर मुहूर्तावर मराठी पर्यटक तिथे हजर असतो का? बहुतेकदा नसतो, आणि त्याला जबाबदार शालेय शिक्षण विभाग आहे. मे महिन्यात महाराष्ट्रातून युरोपच्या सहली सुटतात. पॅरिसच्या ओस्मान बुलव्हारवर बसमधून उतरलेली, टोप्या घातलेली, पाठीवर पिशव्या आणि पोटावर पासपोर्टची थैली बांधलेली मंडळी दिसू लागतात. पण १५-१६ जूनला राज्यातल्या शाळा उघडतात. विदर्भाला उन्हामुळे एक आठवडा जास्त मिळतो. २०२५ साली विदर्भातल्या शाळा २३ जूनला उघडल्या आणि पॅरिसचा सेल २५ जूनला. नागपूरकरांचं दोन दिवसांनी हुकलं! दिवाळीच्या सुट्टीत जावं तर तिथे सेल नाही, नाताळात जावं तर तो आठ-पंधरा दिवसांवर आलेला. त्यामुळे सेलच्या गर्दीत सापडणारी मराठी माणसं तीनच जातींची : ज्यांची पोरं शिकून कामाला लागली आहेत असे निवृत्त, ज्यांना अजून पोरं नाहीत असे नवविवाहित, आणि कंपनीनं कामाला पाठवलेले संगणकवाले, ज्यांना घरून याद्या आलेल्या असतात.

या तिघांचाही समज असा, की सेल म्हणजे आपलं घरचं मैदान. तुळशीबागेत वाढलेल्या, फॅशन स्ट्रीटवर घडलेल्या माणसाला कपडे घेणं कोण शिकवणार? हजाराची वस्तू अडीचशेला मागायची, दुकानदारानं हसायचं, आपण चार पावलं चालायचं, त्यानं हाक मारायची. पॅरिसमध्ये चार पावलं चालली की पुढची बाई तो झगा उचलते. हाक कुणी मारत नाही.

या परिस्थितीला एक माणूस कारणीभूत आहे, आणि गंमत अशी की सेलच्या प्रथेलाही बव्हंशी तोच कारणीभूत आहे. आरिस्तीद बूसिको हा मूळचा टोपी विकणाऱ्याचा मुलगा. पॅरिसच्या 'प्ती सँ-तोमा' नावाच्या दुकानात तो कामाला होता. त्या दुकानाचा मालक सिमों मान्नुरी हंगामाच्या शेवटी उरलेलं कापड स्वस्तात काढायचा, आणि पोरगं ते बघत होतं. १८५२ साली बूसिको 'ल बाँ मार्शे' या दुकानात भागीदार झाला आणि त्यानं जे काही केलं त्याचे परिणाम कोल्हापूरच्या मॉलपर्यंत पोहोचले. कुणीही आत यावं, काही न घेता बाहेर पडावं, घेतलेलं आवडलं नाही तर परत करावं, आणि किंमत चिठ्ठीवर लिहिलेली असेल तीच. घासाघीस बंद. एका बाजूनं ग्राहकाच्या तोंडाला कुलूप घातल्यावर दुसऱ्या बाजूनं त्यानं जानेवारीत पांढऱ्या कापडाचा सेल काढला. वर्ष १८७३ सांगतात. नाताळानंतर दुकान ओस, बाहेर बर्फ, तो पांढरा रंग बघून बूसिकोला चादरी आणि टॉवेल आठवले, अशी आख्यायिका आहे. बर्फ नसता तरी त्याला चादरी आठवल्या असत्या, कारण त्या गोदामात होत्या.

तेव्हापासून पॅरिसमध्ये भाव पाडण्याचं काम ग्राहकाकडून गेलं ते गेलंच. आधी दुकानदारानं ते स्वतःकडे घेतलं, मग सरकारनं त्याला तारखा लावल्या. आपल्याकडची गृहिणी जे काम पाच मिनिटांत 'द्यायचं तेवढं सांगा' या एका वाक्यानं करते, त्यासाठी फ्रान्सला कायद्याची कलमं लागतात आणि चार आठवडे लागतात. पहिल्या टप्प्यात तीस टक्के उतरतात, दुसऱ्यात पन्नासच्या आसपास, आणि शेवटच्या टप्प्यात कधीकधी सत्तर. प्रत्येक टप्प्याला 'देमार्क' म्हणतात. सरकार आणि दुकानदार मिळून ग्राहकाच्या वतीनं घासाघीस करतात, आणि ग्राहक गप्प उभा राहून ती बघतो. मराठी माणसाला याचा जो त्रास होतो तो भाषेच्या अडचणीपेक्षा मोठा असतो.

एमिल झोला या कादंबरीकाराला हे सगळं फार आधी कळलं होतं. 'ओ बॉनर दे दाम' ही १८८३ सालची त्याची कादंबरी एका प्रचंड कापडदुकानाविषयी आहे. ती लिहिण्याआधी तो वह्या घेऊन पॅरिसच्या मोठ्या दुकानांत टिपणं काढत फिरला होता. त्यातला मालक मुरे याच्या युक्त्या आज वाचल्या तरी घाम फुटतो. सर्वांत स्वस्त माल तो मुद्दाम दाराशी ठेवतो, म्हणजे तिथेच चेंगराचेंगरी होते आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, दुकान फुटायला आलं आहे. सेलच्या आदल्या दिवशी तो सगळे विभाग उलटेपालटे करून टाकतो. हातमोजे घ्यायला आलेली बाई वाट चुकते, गालिच्यांतून फिरते, रेशमातून जाते, आणि बाहेर पडते तेव्हा तिच्याकडे हातमोजे सोडून सगळं असतं. आजच्या दुकानांत सुगंधी द्रव्यं तळमजल्यावर आणि कपडे वर का, असं विचारणाऱ्यानं ही कादंबरी वाचावी. वाचून उपयोग काही नाही. वाट चुकायचीच.

नवऱ्यांचाही विचार त्या काळात झालेला होता. बाँ मार्शेमध्ये बूसिकोनं चक्क वाचनकक्ष उघडला होता : वर्तमानपत्रं, टेबलं, पत्रं लिहायला फुकट कागद. बायको आत हरवलेली असताना नवरा तिथे जगाची चिंता करत बसे. आज ती सोय गेली आहे. पॅरिसच्या कुठल्याही मोठ्या दुकानात जिन्याजवळ जी दोन-चार आसनं असतात, त्यांवर सेलच्या दिवसांत जगभरचे नवरे बसलेले दिसतात. एकाच्या मांडीवर सहा पिशव्या, दुसऱ्याच्या मांडीवर झोपलेलं पोर, तिसऱ्याच्या हातात बायकोचा कोट. भाषा वेगळ्या असल्या तरी एकमेकांकडे बघून ते भुवया उडवतात आणि प्रत्येकाला प्रत्येकाचं समजतं. तिथली एक जागा रिकामी झाली तर तिच्यासाठी जी धाव होते, ती वरच्या मजल्यावरच्या झग्यांसाठीही होत नाही.

सहलवाल्यांची बस ज्या दुकानापाशी थांबते ते 'गॅलरीज लाफाएत' १८९३ साली ७० चौरस मीटरच्या एका खोलीत सुरू झालं. सुया, रिबिनी, लेस, असला किरकोळ माल. १९१२ पर्यंत त्याच्यावर ४३ मीटर उंचीचा रंगीत काचेचा घुमट चढला. पर्यटक आत येतो तो आधी मान वर करून उभा राहतो आणि नेमका त्याच वेळी मागून लोंढा येतो. सेलच्या दिवशी या घुमटाखाली उभं राहून फोटो काढणाऱ्याला पॅरिसकर ज्या नजरेनं बघतात, ती नजर पुण्यात मोकळ्या रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून पत्ता विचारणाऱ्याच्या वाट्याला येते. या इमारतीच्या गच्चीवर फुकट जाता येतं, आयफेल टॉवरही दिसतो, त्यामुळे तिथेही गर्दी. पण ज्यूल व्हेद्रीनइतकी अडचण त्या गच्चीवर कुणाला झालेली नाही. गच्चीवर विमान उतरवणाऱ्याला दुकानानं २५,००० फ्रँकांचं बक्षीस लावलं होतं. १९ जानेवारी १९१९ रोजी, ऐन थंडीत, हा वैमानिक २८ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद जागेवर खरोखर उतरला. विमान मोडलं, माणूस वाचला. पॅरिसवरून उडायला मनाई होती म्हणून पोलिसांनी त्याला १६ फ्रँक दंड केला. या दुकानात शिरून इतका नफा करून बाहेर पडलेला हा पहिला आणि बहुधा शेवटचा माणूस.

आता प्रत्यक्ष लढाई. सकाळी आठला दार उघडतं तेव्हा बाहेर जे पॅरिसकर उभे असतात, ते कालपरवाच येऊन गेलेले असतात. अंगावर घालून बघितलेलं असतं, माप ठरलेलं असतं, कपडा कुठल्या दांड्यावर कितवा आहे हे पाठ असतं. काही जण तर आवडलेला झगा चुकीच्या मापांत किंवा पुरुषांच्या विजारींमागे लपवून ठेवून जातात, असा बोलवा आहे. शिवाय दुकानाचं कार्ड असलेल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना आधीच निरोप गेलेला असतो. त्यांच्यासाठी 'खासगी विक्री' होऊन गेलेली असते, त्यामुळे पहिल्या दिवशीच पहिली फळी गायब. मुंबईहून आलेल्याला यातलं काही माहीत नसतं. त्याच्याकडे दोन तास असतात, कारण साडेदहाला बस सुटणार आणि पुढे सीन नदीतली होडी ठरलेली. पॅरिसकर दुसऱ्या देमार्कची वाट बघू शकतो : मंगळवारपर्यंत थांबावं, आणखी वीस टक्के उतरतील, तोवर माप शिल्लक राहिलं तर नशीब. पर्यटकाचा व्हिसा असल्या जुगाराला परवानगी देत नाही.

पहिली ठेच दाराशीच लागते. फ्रान्समध्ये दुकानात शिरताना 'बाँजूर' म्हणायचं असतं. न म्हणता कुणी थेट 'यात लार्ज आहे का' असं विचारलं, तर विक्रेती आधी स्वतः 'बाँजूर' म्हणते, थांबते आणि मग उत्तर देते. त्या थांबण्यात एक शतकाचा थंडपणा असतो. मराठी माणूस दुकानदाराला नमस्कार करतो तो निघताना, तेही काही न घेता निघत असेल तर.

दुसरी ठेच मापाची, आणि ती खोल लागते. भारतात कुर्त्यावरचा ४० हा आकडा साधारण छातीचे इंच सांगतो. फ्रेंच झग्यावरचा ४० हा आकडा कशाचेच इंच सांगत नाही. त्यात बसणाऱ्या बाईची छाती पस्तीस-छत्तीस इंच असते. त्यामुळे घरी ४० घालणारी काकू मोठ्या विश्वासानं ४० उचलते, ट्रायल रूमच्या रांगेत अर्धा तास उभी राहते आणि आत जाऊन जो झगडा होतो तो बाहेर काकांना ऐकू येतो. तिला खरं म्हणजे ४६ हवा असतो. पण '४६' ही चिठ्ठी बघूनच ती तो परत टांगते, कारण इंच असोत की नसोत, आकडा आकडा असतो. आणि इटालियन कंपनीचा कपडा असेल तर आणखी चार मिळवावे लागतात. फ्रेंच ३८ म्हणजे इटालियन ४२, ब्रिटिश १० आणि अमेरिकन ६. एकाच दिवसात, एकाच मजल्यावर, शरीराचा एक इंचही न हलता बाई ६ पासून ४२ पर्यंत जाऊन येऊ शकते. अमेरिकन कपडे विकत घेणाऱ्या बायका जास्त आनंदी का दिसतात, त्याचं उत्तर यात असावं.

"अहो, हे बघा. तीनशेचा एकशे ऐंशीला."

"युरो ना?"

"मग काय रुपये?"

इथे काका खिशातून फोन काढत नाहीत. युरो शंभराच्या आसपास आल्यापासून हिशेब सोपा झाला आहे, दोन शून्यं चिकटवली की झालं. अठरा हजार. काकूंच्या मते बारा हजार वाचले. काकांच्या मते अठरा हजार गेले. दोघांचं गणित बरोबर असतं. "अगं, पण हा घालणार कुठे?" हा प्रश्न मात्र काकांनी विचारू नये, कारण जानेवारीतल्या सेलमध्ये पुरुषांच्या मजल्यावर पाय ठेवताच तोच माणूस गुडघ्यापर्यंतच्या लोकरीच्या कोटात आरशासमोर उभा असतो. इटालियन लोकर, पाचशेचा अडीचशेला, खांद्यात बरोबर बसलेला. ठाण्यात तो कोट वर्षातून एकदा बाहेर निघतो, ऊन दाखवायला. नवविवाहित मुलं याहून पुढची. डिसेंबरात लग्न, जानेवारीत मधुचंद्र, नेमका हिवाळी सेल. लग्नातल्या पाकिटांतून आलेला पैसा ओस्मान बुलव्हारवर कसा वितळतो ते त्यांच्या आईबापांनी बघू नये.

नावाजलेलं लेबल सेलमध्ये मिळेलच, असंही नाही. लुई व्हिताँ सेल लावतच नाही. तिथे जुनी किंमत खोडलेली कधी दिसणार नाही, फक्त वाढलेली दिसेल. एर्मेसनं वर्षानुवर्षं आपला सेल दुकानाबाहेर, पोर्त मायोच्या 'पॅले दे काँग्रे' या सभागृहात भरवला. रेशमी रुमालांसाठी पहाटेपासून रांगा लागत. ज्या बॅगांसाठी जग वेडं झालं आहे त्या बॅगा तिथे नसत, आणि चामड्याच्या इतर वस्तूंवर 'एस' असं बारीक अक्षर ठोकलेलं असे. म्हणजे मालकिणीनं मैत्रिणींना कितीही सांगितलं तरी वस्तूनंच साक्ष फिरवावी.

तरीही पॅरिसची गर्दी सभ्यच म्हणायची. खरी धुमश्चक्री अमेरिकेत झाली. बॉस्टनच्या 'फाइलीन्स बेसमेंट'मध्ये १९०९ पासून किंमत आपोआप उतरे : बारा दिवसांनी पंचवीस टक्के, अठरा दिवसांनी पन्नास, चोवीस दिवसांनी पंच्याहत्तर, आणि तीस दिवसांनंतरही पडून राहिलं तर धर्मादाय संस्थेला. दुकानदार काही बोलत नसे, कॅलेंडरच बोले. १९४७ पासून तिथे लग्नाच्या झग्यांचा सेल भरू लागला. हजारो डॉलरांचे झगे २४९ डॉलरला. दार उघडल्यावर मिनिटाभरात सगळे दांडे रिकामे होत. नवऱ्यामुली एकट्या येत नसत. आई, बहिणी, मैत्रिणी, सगळ्यांच्या डोक्याला एकाच रंगाची पट्टी, कुणाकडे शिट्टी. हाताला लागेल तो झगा कुठल्याही मापाचा असो, आधी बगलेत मारायचा, आणि मग शत्रुपक्षाशी अदलाबदल करायची. ट्रायल रूमची भानगड नाही, कपडे तिथेच रांगेत बदलायचे. म्हणजे तिथे घासाघीस परत आली होती, फक्त दुकानदाराला वगळून. आपल्याकडच्या बायका या खेळात पहिल्या आल्या असत्या, पण २०११ साली ती कंपनीच दिवाळखोरीत गेली.

पॅरिसमध्ये पैसे मोजायच्या खिडकीशी नवा पेच उभा असतो. फ्रान्समधला वीस टक्के कर परदेशी पर्यटकाला काही अंशी परत मिळतो. एका दुकानात शंभर युरोंच्या वर खरेदी हवी, वय सोळाच्या वर हवं आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. इथेच सहलीतली निम्मी माणसं अडतात. सहल व्यवस्थापकानं पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं, 'पॅरिसमध्ये खिसेकापू फार, पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवा.' आज्ञाधारक मंडळींचा पासपोर्ट तिजोरीत आणि कर फ्रेंच सरकारच्या तिजोरीत राहतो. न ऐकणाऱ्यांचा पासपोर्ट कपड्यांच्या आत, पोटावर, घामानं ओला. तो बाहेर काढण्यासाठी भर रांगेत जी शारीरिक कसरत होते, ती मागच्या जपानी बाई अत्यंत सौजन्यानं दुसरीकडे बघून सोसतात.

परताव्याचं गणित असं. किमतीतला साधारण सहावा हिस्सा कर असतो, हातात येतात जेमतेम बारा टक्के, मधला फरक परतावा मिळवून देणारी कंपनी ठेवते. तेवढ्यासाठी विमानतळावर 'पाब्लो' नावाच्या यंत्रापुढे उभं राहावं लागतं. नाव चित्रकाराचं असलं तरी तो बारकोडच वाचतो. पडद्यावर हिरवा संदेश आला की काम फत्ते. पण यंत्रानं कधी सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे धाडलं, तर त्याला वस्तू दाखवावी लागते, न वापरलेली, चिठ्ठीसकट. म्हणून हा सगळा विधी सामान पट्ट्यावर सोडण्याआधी करायचा असतो. झगा बॅगेच्या तळाशी असतो, कारण तो किमती. त्याच्या वर काकांचा कोट, त्यावर उरलेला चिवडा, मेतकुटाची बरणी, आयफेल टॉवरच्या अकरा किल्लीच्या साखळ्या. अधिकारी शांतपणे सगळं बघतो. मेतकूट उघडून वास घेतो. शिक्का मारतो.

बॅग परत बंद करताना ती तेवीस किलोंच्या वर गेलेली आढळते. तेव्हा काका कोट अंगात घालतात आणि जुलैच्या उकाड्यात विमानात बसतात. हिवाळ्यातला कोट उन्हाळ्यात कसा, असं विचारू नये; शेवटच्या देमार्कला गोदामातलं जुनंही बाहेर येतं आणि काकांची नजर त्यावर जातेच.

दीड-दोन महिन्यांनी एका दुपारी काकांच्या फोनवर बँकेचा संदेश येतो : परदेशातल्या कुठल्याशा अनोळखी कंपनीकडून कार्डावर दोन हजार शंभर रुपये जमा. काका तो तीनदा वाचतात. कंपनीचं नाव उच्चारता येत नाही. पॅरिसचं विमान त्यांच्या डोक्यातून केव्हाच गेलेलं असतं, पण ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या रोज सकाळी वाचलेल्या असतात. ते बँकेच्या शाखेत जातात, कार्ड बंद करवून घेतात, आणि घरी येऊन त्या संदेशाचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात : 'असा मेसेज आल्यास कृपया सावध राहावे. पुढे पाठवा.'